वहिनी, तुम्ही काहीतरी दाबलंत

जे सांगायला बसलोय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आईला नाही, मित्रांना नाही — देवापुढे हात जोडतो तेव्हाही हे सोडून बाकीचंच बोलतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एकच कारण आहे. आणि मी दमलोय. गप्प बसायलाही इतकी ताकद लागते, हे मला आधी माहीत नव्हतं.

मी गाड्या विकतो. सातारा रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये — इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, ‘या सर, बसा मॅडम’. राहायला धायरीत. आम्ही मूळचे धायरीचेच. जिथे आमची शेती होती तिथे आता सोसायटी आहे आणि त्या सोसायटीत आमचे दोन फ्लॅट. एकात मी, माझी बायको सीमा आणि आई. वरच्या मजल्यावर माझी मोठी वहिनी, एकटी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, काही वर्षांपूर्वी अचानक गेला. त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी लग्न होऊन बंगळूरला असते.

दादा होता तोवर वहिनी गाडीत त्याच्या डाव्या हाताला बसल्या. तो गेल्यावर माझ्या डाव्या हाताला बसायला लागल्या. ‘भावजी, वाईच सोडता का?’ — हे एवढंसं वाक्य म्हणायला त्यांना किती वेळ लागायचा म्हणून सांगू! आधी चहा विचारायच्या. मग माझी सुट्टी कधी ते. मग उगाच आईच्या गुडघ्यांची चौकशी. आणि मग ते. बहिणीकडे जायचं असो, दवाखान्यात असो, कुणाच्या दहाव्याला असो, दर वेळी हेच. मी कधी नाही म्हटलं नाही. पण हो म्हणताना घड्याळाकडे बघायचो, आणि ते त्यांना दिसायचं.

मग एक दिवस कळलं की वहिनी ड्रायव्हिंग क्लासला जातायत. पंचावन्नाव्या वर्षी! भावकीत हसं झालं. मीही हसलो, कशाला खोटं बोलू. पण त्या शिकल्या. पदर खोचून, चष्मा सावरत, क्लासच्या बाईंची बोलणी खात शिकल्या. लायसन्स हातात पडलं तेव्हा त्यांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले — हसणाऱ्यांच्या घरीसुद्धा.

गाडी चालवता आली, पण रस्ते येईनात. पुण्यातले रस्ते कुणाला येतात म्हणा — काल जिथून उजवीकडे वळलो तिथे आज खांब उभा. पल्लवीने त्यावर तोड काढली. ती बंगळूरहून आईच्या फोनवर जागा पाठवणार आणि फोन मराठीत सांगणार, आता डावीकडे वळा, आता सरळ जा. अडचण एकच. लांबचा चष्मा लावला की वहिनींना फोनवरचं बारीक काही दिसायचं नाही. म्हणून त्यांना अशी गाडी हवी होती जिच्या मोठ्या पडद्यावर फोन जसाच्या तसा उमटतो. ही एकच अट. रंग कुठलाही चालेल म्हणाल्या.

घरचा माणूस शोरूममध्ये असताना बाहेर कशाला जायचं? त्या माझ्याकडेच आल्या. चालवून बघायला मी त्यांना आमची डेमो गाडी दिली. ती आदल्या वर्षीची होती. वायर लावली, फोन पडद्यावर आला, पल्लवीने पाठवलेली जागा आली आणि गाडी मोठ्याने मराठीत बोलली. वहिनींनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून तोंडावर धरला. ‘माझ्या गाडीतबी आसंच आसंल न्हवं?’ म्हणाल्या.

आता थोडं धंद्यातलं सांगायला हवं. आमच्या कंपनीने नव्या गाड्यांतून फोन पडद्यावर आणायची सोय काढून टाकली होती. तुम्हीही वाचलं असेल, काही कंपन्या तसं करतायत. त्याऐवजी गाडीचा स्वतःचा नकाशा, स्वतःची गाणी, आणि ते चालू ठेवायला वर्गणी. आमच्या गाडीतला नकाशा इंग्रजीत बोलायचा आणि पत्ताही इंग्रजीतच मागायचा. का काढलं? मोठी माणसं मोठी कारणं देतात. आम्हाला ट्रेनिंगमध्ये इतकंच सांगितलं की ‘काढलं’ हा शब्द तोंडातून जाता कामा नये. ‘त्याच्या पुढचं दिलंय’ म्हणायचं. हे सगळं मला माहीत होतं. विसरलो, गोंधळलो — असलं काही नाही.

‘अहो वहिनी, याहून भारी असेल,’ मी म्हणालो.

महिनाअखेर होती. माझ्या टार्गेटला एक गाडी कमी पडत होती. तरी थांबा — मला जे सांगायचंय ते हे नाही. गाडी विकताना खोटं बोललो, एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. असली पापं आमच्या लायनीत दुपारच्या डब्याबरोबर पचतात.

गाडी घ्यायला आम्ही सगळे गेलो. हार, नारळ, फोटो. शोरूममधल्या मुलीने कुंकवाची वाटी पुढे केली तशा वहिनी मागे सरकल्या. नवऱ्यामागे राहिलेल्या बाईने कशी पूजा करायची, असं त्यांच्या मनात. सीमाने त्यांचा हात धरला, त्यांचंच बोट कुंकवात बुडवलं आणि बॉनेटवर टेकवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चाकांखाली लिंबं ठेवली होती, ती चिरडत वहिनींनी स्वतः गाडी रस्त्यावर काढली. त्या रडत होत्या आणि हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली आल्या. पडद्यावर फोन दिसत नाही म्हणाल्या.

मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो. वायर लावली. काही होणार नाही हे पक्कं माहीत असताना पडद्यावर इकडेतिकडे बोटं फिरवत राहिलो. वहिनी खिडकीशी वाकून बघत होत्या. तेव्हा सांगता आलं असतं — नाही का? यात ती सोयच नाही वहिनी, मी खोटं बोललो, चुकलं माझं. निदान अर्धं सांगता आलं असतं. कंपनीने ऐनवेळी काढलं म्हणून हात वर करता आले असते. त्या थोड्या रागावल्या असत्या, मग एखादा मोठ्या अक्षरांचा टॅब लावून दिला असता, भागलं असतं. इतकं सोपं होतं सगळं. आणि मी काय म्हणालो?

‘वहिनी, तुम्ही काहीतरी दाबलंत.’

हे — हे सांगायचं होतं मला.

ठरवून बोललो नाही. पण बोललो, आणि बोलल्यावर परत घेतलं नाही. आणि त्यांनी? क्षणभरही शंका घेतली नाही. ‘व्हय व्हय, त्ये सेटिंगचं चाकाचं चित्र हाय ना, काल त्यावर बोट पडलं माजं. मला वाटलंच व्हतं.’ माझं खोटं अर्धवट होतं, ते त्यांनीच पुरं करून दिलं. वर मला म्हणाल्या, सुट्टीच्या दिवशी तुम्हाला कामाला लावलं.

पुढच्या रविवारी नीट करून देतो म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. दर वेळी मी गाडीत बसायचो, बोटं फिरवायचो आणि काहीतरी पुटपुटायचो. अपडेट यायचंय. वायर जुनी आहे. फोनच जुना आहे. त्यांनी वायर बदलली. मग फोन बदलला. एकदा म्हणाल्या, समोर फोनचं स्टँड लावते आणि मोठ्या पडद्याचा फोन घेते. तर मीच नको म्हटलं — गाडीत सोय आहे ना, कशाला उगाच! का नको म्हटलं? स्टँड लावलं असतं तर ते का लावावं लागलं, हे कुणीतरी विचारलं असतं.

हळूहळू त्या पडद्याला हात लावायलाच घाबरायला लागल्या. गाणं बदलायचं तरी मला विचारायच्या, हे दाबू का, काय बिघडणार न्हाई ना. ज्या बाईने क्लासच्या गाडीने सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून वाट काढली होती, ती बाई ही.

एकदा संध्याकाळी वर चहाला गेलो होतो. पल्लवी फोनवर होती, स्पीकर चालू होता. तिने आधी मला विचारलं होतं, काका, त्या गाडीत ते आहे ना नक्की? आणि मी आहे म्हटलं होतं. विकणारा मी, घरचा मी — माझ्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा तिने? त्यामुळे तिचा राग आईवर. ‘आई, सगळं जग वापरतं गं. तुला एवढं साधं कसं जमत नाही? काकांना तरी किती त्रास देशील?’ वहिनी माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. घाईघाईत स्पीकर बंद करायला गेल्या, तर ते बटण सापडेना. मी बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत बसलो. चहा तसा निवलेलाच होता.

मग बावधनला त्यांच्या भाचीचा साखरपुडा निघाला. मी सोडतो म्हटलं तर म्हणाल्या, नको, आज माझी मी जाते. फोन शेजारच्या सीटवर ठेवला, आवाज मोठा केला आणि निघाल्या. चांदणी चौकात काय झालं असेल ते तुम्ही तिथून गेला असाल तर सांगायला नको. एका पुलावरून दुसऱ्यावर, तिथून खाली, पुन्हा वर. फोन बोलत होता, पण ट्रकच्या हॉर्नमध्ये ऐकू येत नव्हता. फोनकडे बघायला वाकावं तर मागून शिव्या. शेवटी भूगावच्या पुढे कुठेतरी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा त्या स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. गाडी बंद होती. काचा बंद होत्या. नवी साडी घामाने पाठीला चिकटली होती. साखरपुडा आटोपून गेला होता.

‘किल्ली घ्या तुमी,’ म्हणाल्या. ‘न्हाई जमत मला. तुमी एवढं शिकवलं, पर न्हाई जमत.’

मी शिकवलं! ऐकताय ना? मी किल्ली घेतली. गाडी मीच आमच्या शोरूमच्या जुन्या गाड्यांच्या विभागात नेऊन दिली, चांगला भाव मिळवून दिला म्हणून वहिनींनी माझे आभार मानले. दिवाळीत पल्लवी आली तोवर गाडी दारात नव्हती. बरं केलंस आई, म्हणाली, आपल्याला झेपेल तेवढंच करावं.

आता वहिनी परत माझ्या डाव्या हाताला बसतात. माझी गाडी जुनी आहे, हिच्या पडद्यावर फोन छान येतो. त्या नकाशाकडे बघतात आणि म्हणतात, तुमच्या हाताला कसं गुमान चालतंय. मी आताशा घड्याळाकडे बघत नाही. त्यांनी विचारायच्या आधीच विचारतो, कुठे जायचंय का. भावकीत त्या सांगतात, असा दीर मिळायला भाग्य लागतं. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात, आणि मी — मी नम्रपणे हसतो. तेही जमायला लागलंय आता.

सांगायची संधी मिळाली नाही असं म्हणू नका. रोज मिळते. आमच्यामध्ये एकच जिना आहे.

गेल्या रविवारी वहिनी खाली जेवायला होत्या. सीमाने आनंदाने सांगितलं, तिने ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलंय, सोमवारपासून जायचंय. वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ‘नगं गं सीमा. आपल्या डोक्याचं काम न्हाई त्ये. म्या करून बघितलंय. भावजींना किती तरास दिला, इचार.’ सीमा हसली आणि माझ्याकडे वळली. मी काहीतरी चेष्टा करीन, वहिनींचं म्हणणं उडवून लावीन, असंच तिला वाटलं असणार. ‘अहो, तुम्ही सांगा ना, खरंच इतकं अवघड असतं का?’

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सीमा बघत होती. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, वहिनी म्हणतात ते बरोबर आहे.

सोमवारी सकाळी सीमाने क्लासला फोन लावला. पलीकडून कारण विचारलं असावं. ‘नाही हो,’ ती हसत म्हणाली, ‘आमच्या घरात बायकांना नाही जमत ते.’ मी शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो.