शेजारच्या काकूची भीत

स्मृति नगरच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत मी तिसरीला गणित शिकवत होते. एके दिवशी खराट्याच्या काड्या सारख्या मापाच्या तोडून वर्गात नेल्या. फरशीवर चार काड्यांचा एक चौकोन मांडला, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा. मुलांनी काड्या मोजल्या. चार, सात, दहा.

"मैम, तीन-तीन बढ़ रहा है," एकजण म्हणाला.

"पण तीनच का? चौकोनाला तर चार बाजू असतात," मी हिंदीतच विचारलं.

मुलं पुन्हा काड्या मोजू लागली. रेल्वेत असलेल्या वडिलांची बदली झाली म्हणून भंडाऱ्याकडून नुकतीच आलेली एक मुलगी काड्यांकडे टक लावून बघत होती. हिंदीत बोलायचं म्हटलं की तिची मान खाली जायची. आता मात्र तिचे ओठ हलत होते. मी तिच्याजवळ खाली बसले.

"मराठीत सांग. मले समजते."

"मॅडम, हे आमच्या क्वार्टरवानी हाय," ती हळूच म्हणाली. "आमची अन् शेजारच्या काकूची भीत एकच हाय. मंग नव्या घराले चार भिती कावून लागतीन?"

मधली भिंत सामाईक, म्हणून नव्या घराला तीनच लागतात, हे तिचं म्हणणं मी सगळ्यांना हिंदीत सांगितलं आणि तिला विचारलं, "दहा घरं असली तर?"

"पहिली भीत एकटीच उभी करा. मंग दर घराले तीन. एकतीस."

तोवर काहींनी दहा चौकोन मांडून मोजलेही होते. एकतीसच. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली. तिचं उत्तर तेच होतं, पण रीत वेगळी. पहिल्या घराला चार भिंती, उरलेल्या नऊ घरांना तीन-तीन. कोणाचं बरोबर, यावर वर्गात जुंपली. दोघींचंही बरोबर आहे हे पटायला फळ्यावर दोनदा चित्र काढावं लागलं.

"और सौ घर?" मागून कोणीतरी विचारलं.

एवढ्या काड्या कुठून आणणार? पण भंडाऱ्याची मुलगी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तीन सौ एक." हिंदीत.

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली, तरी कोणी डबा उघडेना. काड्यांभोवती गर्दी करून मुलं आता त्रिकोण जोडत होती. यात किती-किती वाढतात म्हणून मला विचारत होती. मी उत्तर सांगितलं नाही. त्यांच्यात बसून आणखी काड्या तोडायला घेतल्या.