गुंडाच्या पुस्तकातला चहा

भिसेगावच्या घरी मी एका जुन्या गुंडाचं आत्मचरित्र वाचत होतो आणि काका टीव्हीवर गुंडांचीच मालिका बघत होते. मालिकेतला भाई बूट घालून घरात शिरायचा, पिस्तूल टेबलावर आपटायचा. मला ते भंपक वाटायचं. पुस्तक कसं शांत, खरं वाटत होतं.

मग खालापूरकडच्या जमिनीचं पान आलं. गावकऱ्यांनी चहा पाजला आणि जमीन प्रेमाने दिली, असं त्याने लिहिलं होतं. मी ते काकांना वाचून दाखवलं.

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांचंही शेत असंच एका भाईने घेतलं होतं.

"तो चपला बाहेर काढून आला रं," ते म्हणाले. "आयच्या पाया पडला. आमच्या पोरींची शाळा कुठली, कितीला सुटते, ते त्यानंच मला सांगितलं. मंग मी सही केली."

"आणि चहा?"

"दिला की. दारात आलेल्याला चहा नाय कसा देणार?"

मी पुस्तक पुन्हा चाळलं. चहा होता, शाळा कुठेच नव्हती.

"आमच्यावाल्यानं पुस्तक लिवलं," काका म्हणाले, "तर त्यात मीपण जमीन प्रेमानंच दिली असंल."