कोपराच्या वर

केरामावशीचा दीड एकराचा मळा समुद्राच्या कड्यावर आहे. तिथं ऑगस्टच्या उन्हाळ्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. गावातली द्राक्षं गोडमिट्ट होतात तेव्हा मावशीची शार्दोने जातीची द्राक्षं अजून दात आंबवत असतात, आणि मावशीला नेमकी तीच चव हवी असते. फक्त ही वेल उतावळी. सगळ्यांआधी कोंबांचे डोळे उघडते आणि एप्रिलच्या हिवाला सापडते. गेल्या साली एका पहाटेत सगळे कोंब काळे पडले, पिंपं कोरडी राहिली. वार्ना शहरातून मुलगी डेनित्सा आली आणि म्हणाली, "आई, अजून एक साल. पुन्हा असं झालं तर मळा विकायचा आन् माझ्याकडं ऱ्हायला यायचं." मावशीनं मान डोलावली.

उशिरा छाटलेली वेल उशिरा जागी होते. म्हणून यंदा मार्च संपेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

आणि फेब्रुवारीत, द्राक्षमळ्यांचा रखवाला संत त्रिफोन याच्या सणाला, ती राजा झाली!

आमच्या गावात ज्याच्या वाइनचा घडा आधी रिकामा होतो तो त्या सालचा राजा. मावशीनं दोन वर्षांपूर्वीची उरलीसुरली वाइन आणली होती. लोकांनी बघता बघता घडा पालथा केला. आजवर कुणी बाई राजा झाली नव्हती. मागचा राजा त्रेंदाफिल, सहकारी शेतीचा जुना मुकादम, त्यानं वेलीच्या काड्यांचा मुकुट तिच्या डोक्यावर ठेवला नि ओरडला, "चला राजाच्या मळ्यात!"

मावशीचा चेहरा उतरला. राजाचा मळा त्याच दिवशी सगळं गाव मिळून छाटतं. हा मान नाकारणारा आजवर कुणी झाला नाही. ढोल वाजतोय, चाळीस माणसं कात्र्या घेऊन निघालीत, निम्म्यांचे पाय वाकडे पडतायत.

मळ्याच्या तोंडाशी मावशी बैलगाडीवर चढली. "आज राजाचा हुकूम चालतो का न्हाई?"

"चालतो!"

"मग ऐका. उभ्यानं माप घ्यायचं, काडी माझ्या कोपराच्या वरच कापायची. खाली ज्याची कात्री गेली, त्याला जलमभर माझी वाइन बंद."

"केरे, ही काय छाटणी म्हणायची?" त्रेंदाफिल खवळला. "निम्मी हजामत करून गिऱ्हाइकाला हाकलून द्यायचं?"

"दादा, शेंड्याचे डोळे आधी उघडतात. ते उघडे हायेत तवर खालचे झोपतात. हिव आलं तर शेंड्यांना खाऊ दे."

"तुझ्या वाइनपायी गप बसतो," तो कुरकुरला, आणि मापासाठी मावशीच्याच शेजारी जाऊन उभा राहिला. चाळीस माणसं आपापला हात वाकवून, मावशीच्या कोपराच्या उंचीचा अंदाज घेत, जीभ दातांत धरून कापत होती. इतकी शिस्त मी चर्चमध्येही पाहिली नाही.

एप्रिलच्या अठरा तारखेला हिव पडलं. सकाळी मावशीच्या मळ्यात सगळे शेंडे उकडलेल्या पालकासारखे लोंबत होते. त्रेंदाफिलच्या तोंडून शिवी निघाली. मावशी गुडघ्यावर बसली, काडीच्या बुंध्याशी बोट फिरवलं. तिथले दोन डोळे कापसात मिटलेले होते. तिनं कात्री काढली आणि शेंडा खाली उतरवला. मग दुसरा. हजारो काड्या तिनं पुन्हा, एकटीनं, दहा दिवसांत छाटल्या. तिचा अंगठा सुजून बटाट्याएवढा झाला. तरी "मदतीला येऊ का" म्हटलं की म्हणायची, "तुमची कोपरं लई उंच हायेत."

सप्टेंबरात डेनित्सा आली ती, हिव पडल्याचं ऐकून, आईचे कपडे भरायला मोठी बॅग घेऊन. मावशीनं तिच्या हातात क्रेट दिलं. दुपारपर्यंत घडांचे ढीग देठासकट दाबयंत्रात गेले. हिरवट रस सावकाश ओकच्या पिंपात उतरू लागला. डेनित्सानं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"आई, केवढा आंबट!"

"हां. थंडीभर पिंपात गाळासकट ऱ्हाऊ दे, आठवड्याला एकदा काठीनं ढवळीन. मग बघ."

"म्हंजे तू थंडीभर हितंच?"

"मग? पिंप कोण ढवळणार?"

डेनित्सानं पिंपावर कान ठेवला. संध्याकाळच्या बसला ती एकटीच गेली, बॅगेत दोन क्रेट द्राक्षं भरून.