म्होरकी शेळी

मामांनी जनावराला कधी काठी लावली नाही. मेंढरं राखण्यात जन्म गेला, पण हात रिकामा. मुंबईच्या गोदीत शेळ्या-मेंढ्या जहाजाच्या फळीपाशी अडून बसल्या, की हमाल त्यांचे पाय धरून ओढायला धावत. मामा त्यांना हातानंच थांबवत आणि आपली ढवळी शेळी पुढे सोडत. ती खुशाल फळी चढून जाई, तिच्यामागे अख्खा कळप. मग मामा खालून जीभ टाळूला लावून एक आवाज काढत आणि ढवळी एकटीच उतरून येई.

मी तेव्हा औरंगाबादेत, क्रांती चौकातल्या एका निर्यातीच्या कचेरीत कारकून होतो. मामा पिशोरचे; नात्यानं कोणी नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणत. महिन्या-दोन महिन्यांनी आमचा माल आखातात जायचा. जिवंत जनावरांना आम्ही मालच म्हणायचो. ट्रकात कागद सांभाळत मी आणि ढवळीला पायाशी घेऊन मामा. वाटेत ते ट्रक थांबवून जनावरांना पाणी दाखवत. ड्रायव्हर कटकट करी. "तुला तहान लागल्यावं तू थांबतो का नाय?" एवढंच ते विचारत.

आखातात कळपाचं काय होतं, ते मामांना पक्कं ठाऊक होतं. एकदा चहा पिताना मी डिवचलं, "मामा, तुमची ढवळी म्हणजे भारी लबाड!" ते हसले नाहीत.

"लबाड ती नाय, मी हाय. तिला फकस्त यवढंच ठावं, म्होरं जानाऱ्यानं माघारी यायचं." बशीतला चहा तसाच ठेवून ते उठले.

त्या खेपेला कसारा घाटात एक मेंढी मेली. दाखल्यावरचा आकडा आणि जहाजावरची मोजणी, यांत एकाचा फरक आला. जहाजावरचा माणूस म्हणाला, नवे कागद आणा, नाहीतर सगळा माल उतरवा. नवे कागद म्हणजे चार दिवस, आणि माझी नोकरी नवी. ढवळी वरच उभी होती. त्या माणसानं तिच्याकडे बोट दाखवलं. मी होकारार्थी मान हलवली. आकडा जुळला.

फळी उचलली तेव्हा मामा खालून तो आवाज काढतच होते. वरून ढवळीचं ओरडणं ऐकू येत होतं. मामा माझ्याकडे वळले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गडबडीत राहिली वाटतं. जहाज परत येताना आणतील तिला." इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

मामांनी ते काम सोडलं. पण दर महिन्याला पिशोरहून एसटीनं कचेरीत येत. दाराशी चपला काढत, बाकावर टेकत, माझ्यासाठी आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा टेबलावर ठेवत. "जहाज आलं का, साहेब?"

"अजून नाही, मामा."

"बरं." मग थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसत आणि उठून जात. मला त्यांची कीव यायची. भोळा माणूस, म्हणायचो. असं तीन-चार वर्षं चाललं.

मग लागोपाठ दोन महिने ते आले नाहीत. मी पिशोरला गेलो. ओसरीवर मामी बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहूनच समजलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "शेवटपर्यंत शेळीची वाट पाहिली मामांनी."

"कशाची वाट? त्यांना पहिल्याच दिशी कळलं व्हतं. घरी आल्यावं म्हनले, मोजनीत गेली आपली ढवळी."

"मग दर महिन्याला यायचे कशाला?"

"तुमच्यासाठी," मामी म्हणाल्या. "म्हनायचे, पोरगं वाईट नाय. आज खरं सांगंल, उद्या सांगंल. आपुन गेलोच नाय तर सांगंल कुनाला?"

मी मामींसमोर सगळं सांगितलं, मान हलवली तेही. ज्यांना सांगायचं होतं, त्यांचा दहावा आदल्याच दिवशी झाला होता.