चिखलातली फुलांची धूळ

आमच्या शहरातल्या द्वारका नाक्यावर काचसामानाचं दुकान चालवलं, की गिऱ्हाईक माल घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं. माझं शिक्षण आठवी. कॉलेजच्या प्रयोगशाळांना बाटल्या-नळ्या पुरवता पुरवता कानावर पडलं तेवढंच शिकलो. पण कुलथे सरांचे किस्से इतके साचलेत, की एक काढायला जावं तर चार वर येतात!

सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. गोष्ट सत्तरच्या दशकातली. सरांची पीएच.डी. सात वर्षं चाललेली. विषय काय, तर चिखल!

*

पहिल्यांदा आले ते एक जहाल अ‍ॅसिड मागायला. प्लॅस्टिकच्या कॅनमधून थोडं काढून द्यावं, म्हणून मी काचेची बाटली उचलली.

"शेठ, हात थांबवा! काच खातं ते!"

मला दरदरून घाम. "मग तुम्हाला कशाला हवंय?"

"चिखलातली वाळू खायला. वाळू विरघळते, परागकण उरतात. हजारो वर्षांपूर्वी इथं कुठली झाडं होती, ते त्यावरून कळतं."

"वाळू जाते आणि फुलाची धूळ उरते?"

"उरते."

तेव्हापासून देवाला फूल वाहताना मी जरा दबकूनच वाहतो!

*

एकलहऱ्याकडे एका मळ्यात विहीर खणत होते. वीस फुटांवर काळा गाळ लागल्याचं कळलं. सर, मी आणि प्रयोगशाळेचे शिपाई किसनमामा टेम्पोतून गेलो. सरांनी प्रत्येक थराचे दोन-दोन डबे भरले, झाकणं मेणानं बंद केली. एक संच प्रयोगशाळेत, दुसरा माझ्या दुकानाच्या माळ्यावर.

मळेवाला म्हणाला, "सोनं हाय का खाली?"

"नाही हो. फुलांची जुनी धूळ."

"आरं तिच्या! वर झेंडूचा आख्खा मळा हाय, लागंल तेवढी न्या की!"

सरांनी त्याला काठावरून लांब पिटाळलं. "ताज्या धुळीचा एक कण पडला, तरी माझी सात वर्षं गेली!"

तेव्हा आम्ही हसलो होतो.

*

तोंडघशी मीही पडलोय. सातपूरला पाया खणताना निघालेल्या दगडावर नाजूक पान उमटलेलं दिसलं. "कोट्यवधी वर्षांचं पान" म्हणून वर्षभर काउंटरवर मिरवलं. सरांनी भिंग लावलं.

"शेठ, भेगेत क्षार झिरपले, त्यांची नक्षी ही. इथं पान कधी नव्हतंच!"

किसनमामा म्हणाले, "आन् शेटजी रोज उदबत्ती ववाळत्यात त्याला!"

*

मग दिवाळीच्या तोंडावर बाहेरगावचे परीक्षक आले. फार कडक माणूस. प्रबंध वाचून समाधान नाही, काचपट्ट्या स्वतः बघणार. मी माल पोचवायला गेलो, तो तिथंच अडकलो.

साहेब बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून होते. मग मान न वळवता म्हणाले, "कुलथे, हा काटेरी गोळा बघा. झेंडू वाटतो. आणि ताजा आहे!"

सरांचा चेहरा पांढराफटक.

"ताजी धूळ शिरली असेल, तर बाकीच्या कणांवर मी विश्वास का ठेवू?"

कोपऱ्यातून किसनमामा पुढे आले. "साहेब, दसऱ्याला ह्या मशीनला हार म्याच घातला. पट्ट्या तिथंच उघड्या वाळत व्हत्या. हत्याराची पूजा नाय करायची व्हय?"

सरांनी डोक्याला हात लावला. मीच म्हणालो, "साहेब, दुसरे डबे माझ्या माळ्यावर आहेत. मेण फोडलेलं नाही."

साहेबांनी मुक्काम वाढवला. मेण त्यांच्यासमोर फुटलं, नव्या पट्ट्या तयार झाल्या. दोन दिवस मी प्रयोगशाळेच्या दारात खेपा घालत होतो. कारण दसऱ्याला माझ्याही दुकानाला झेंडूचं तोरण होतंच!

तिसऱ्या दिवशी साहेबांनी शेवटची पट्टी बाजूला ठेवली. "प्रबंधात लिहिलंय तसंच. खालच्या थरात झाडं, वरच्या थरात गवत. झेंडू कुठंच नाही. काम खरं आहे, डॉक्टर कुलथे!"

किसनमामांनी डोळे पुसले.

निघण्याआधी साहेब माझ्या दुकानात आले. चेहरा अजून गंभीरच. पेढा हातात तसाच. आपल्या प्रयोगशाळेला त्यांनी ट्रंक कॉल लावला.

"हॅलो... आपल्याकडे दसऱ्याला मशीनची पूजा कोण करतं?... दरवर्षी?... बरं. हार कसला असतो?"

फोन ठेवून ते स्टुलावर बसले.

"शेठ, जरा पाणी मिळेल?"