तिच्या गिटारच्या उंच तारा

घरात शिरताना मी उंबऱ्यात खाकरतो. आत कोणी नसतं, हे मला माहीत आहे. आमच्याकडे पुरुषमाणसानं असंच आत यायचं, आतल्या बाईमाणसाला कळावं म्हणून. वडील खाकरायचे, त्यांचं बघून मी. बायको जाऊन दोन वर्षं झाली, तरी पडदा सारण्याआधी घशातून आवाज निघतोच. मग आत येऊन एक कप चहा ठेवतो आणि तो उतू जाईपर्यंत भिंतीकडे बघत बसतो.

शेवगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार आणि त्याला पडदा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक टेम्पोत घालून आणतात. मी त्यांची काळी पडलेली तांब्याची तार उपसतो आणि नवी भरतो. चाळीस वर्षं हेच. स्वभाव तापट. गिऱ्हाइकं तोंडावर म्हणतात, "आमची मोटार कवातरी गरम व्हती, मिस्तरीची कायम गरम." मी हसतो. घरात मात्र याच्यावर कोणी हसत नव्हतं, हे आता लक्षात येतं.

बायको नगरची. आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण ती शेवटपर्यंत 'आमचं नगर' म्हणायची. शाळेत असल्यापासून गिटारच्या क्लासला जात होती. लग्नात रुखवत मांडलं तेव्हा अनारशांच्या ताटाशेजारी तिची लाल रंगाची, विजेवर चालणारी गिटार ठेवली होती. आमच्याकडची मंडळी अनारसे सोडून तिच्याभोवतीच जमली. एका काकूंनी हात न लावता विचारलं, "ह्ये कशाला लागतं गं?" ती म्हणाली, "वाजवायला." सगळे हसले. मीही हसलो, आणि मनातून जरा टरकलोही, की ही पोरगी आपल्या ग्रीसच्या डब्यांमध्ये कशी राहणार.

राहिली ती. दुपारी घरातलं आवरलं की आत वाजवत बसायची. गिटार म्हटल्यावर सिनेमात येतो तसा टणटण आवाज तो नव्हता. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो मधे तुटायचाच नाही, घसरत जायचा, आतल्या खोलीत कोणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. दुकानात मी हातोडी उचललेली असायची, ती तशीच धरून थांबायचो. सूर संपला की ठोकायचो. हे तिला कधी सांगितलं नाही. म्हटलं, मिस्तरी माणसानं असलं काय सांगायचं!

जेवायला आत निघालो की खाकरायचो. आवाज थांबायचा. पडदा सारून बघावं तर ती उभी, गिटार पलंगावर, पदर सारखा केलेला, ताट वाढायच्या तयारीत. नवरा आत आला की उठायचं, ही तिच्या आईची शिकवण. संध्याकाळी स्वयंपाक, मुलगी झाल्यावर तिचं करणं, आणि गिटार पेटीत. तिचं ते उठणं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मुलगी पहिली-दुसरीत असताना एका उन्हाळ्यात गिटारचा आवाज बंद पडला. ती दुकानात आली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या मोटारीत असतं तसंच काहीतरी आत असेल. बघता का जरा?" उन्हाळा म्हणजे व्होल्टेज पडायचे दिवस. दारात जळालेल्या मोटारींची रांग आणि प्रत्येकाचा ऊस वाळत चाललेला. मी खेकसलो, "लोकांची पिकं जळायला लागलीत, तुला वाजवायचं सुचतंय?" पाऊस पडल्यावर तिनं पुन्हा एकदा विचारलं. मी म्हणालो, बघू. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. पेटी माळ्यावर गेली. दुपारी आतून रेडिओचा आवाज यायला लागला, आणि मी हातोडी मधे थांबवेनासा झालो.

तशी ती दुकानातही डोकं चालवायची. पुढं एकदा बेअरिंग बसवायला मला नीट गोल पोलादी तुकडा मिळेना, मी सगळ्या दुकानावर ओरडत होतो. ती आतून एक दांडी घेऊन आली, अंगठ्याएवढी जाड, बोटभर लांब, आरशासारखी चकचकीत. "हे चालतंय का बघा." चालतंय म्हणजे काय, अशी दांडी बाजारात मिळत नाही. मी विचारलं, "कुठनं आणलीस?" ती म्हणाली, "होती घरात." तेव्हापासून ती दांडी माझ्या हत्यारांच्या ट्रेमध्ये आहे. बेअरिंगवर टेकवायची आणि वरून हातोडी घालायची. पंचवीसेक वर्षं तिनं चाकरी केली.

गेल्या दिवाळीआधी माळा झाडायला चढलो. हे काम तिचं होतं, त्यामुळे वर काय काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कोपऱ्यात पेटी दिसली. खाली आणून उघडली तर आतलं मखमली अस्तर उंदरांनी कुरतडलेलं, तारा गंजून लाल, लाकडावरचा रंग तडकलेला. वास मात्र तिच्या कपाटाचा, डांबरगोळ्यांचा. मी पेटीशेजारी फरशीवर बसलो आणि रडलो. ती गेली तेव्हा माणसांच्या गर्दीत रडायला जमलं नव्हतं.

मग ठरवलं, हिचा आवाज पुन्हा काढायचा. तोच, पडद्याआडून यायचा तो. तिचा आवाज म्हणून माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. मोबाईलमध्ये तिचं बोलणं आहे एक, तेही गॅस सिलिंडर आला का एवढंच विचारणारं.

तारांच्या खाली एक चपटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. उघडली तर आत लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. म्हणजे माझंच काम की! ती म्हणाली होती तसंच निघालं. मीटर लावला, तार मधेच कुठंतरी तुटलेली. तार कसली, केसाहून बारीक. माझ्याकडची सगळ्यात बारीक तार तिच्यापुढं दोरखंड. पुण्याहून मागवली. पंख्याची कॉइल भरायच्या मशीनवर चढवली आणि हातानं फिरवत बसलो. श्वास जोरात सोडला तरी तुटायची. चार वेळा तुटली. पाचव्या वेळी हजारो वेढे पुरे झाले, मेणात बुडवून काढली, टोकांना डाग दिले. गंजलेली पिन बदलली, आवाजाचं बटण रॉकेलनं धुतलं, लाकूड पुसून त्याला पॉलिश केलं. नव्या तारा लावल्या. त्या दिवसांत दुकानात पडलेल्या मोटारींकडे मी बघितलंसुद्धा नाही. लोक ओरडून गेले.

एकच खोड राहिली होती. तारा फार उंच होत्या. खालून करंगळी सहज जाईल एवढ्या. मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले, सगळे सांगत होते की तारा लाकडाला जवळजवळ लागून पाहिजेत, नाहीतर बोटानं दाबणार कशा? म्हटलं, बनवणाऱ्यानंच चूक केलेली दिसते. बिचारी एवढ्या उंच तारा दाबत बसायची, बोटं सोलून निघत असतील. गिटारच्या मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती हाडाची पट्टी मी कानशीनं निम्मी घासून टाकली. काम झाल्यावर स्वतःवर खूश झालो. म्हटलं, उशिरा का होईना, तिचा त्रास कमी केला.

दुकानात पडलेल्या एका जुन्या अॅम्प्लिफायरला जोडून तार छेडली. टण्ण. स्वच्छ, खणखणीत टण्ण. पुढची छेडली, टण्ण. तो आवाज नव्हता. बोटं दाबून, सरकवून बघितली, तरी टण्णच. मला वाटलं, माझ्या गुंडाळीतच खोट आहे, वेढे कमी पडले असतील. सगळी उपसली आणि पुन्हा भरली. आठ दिवस गेले. पुन्हा टण्ण. आयुष्यात मी एवढ्या माणसांची कामं केली, आणि हिचं एक काम हाताला येत नव्हतं. रागानं पाना फेकला, तो भिंतीवर आदळून खाली पडला. उचलायला कोणी येणार नव्हतं, म्हणून मीच उचलला.

रविवारी सकाळी बंगळूरहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मी गिटार छातीशी धरून तिला दाखवली, सिनेमातल्या हिरोसारखी. ती आधी खळखळून हसली. "बाबा, काय दिसताय!" मग माझं गाऱ्हाणं ऐकता ऐकता तिचं हसू थांबलं.

"बाबा, आई अशी धरायची नाही ती."

"मग कशी?"

"मांडीवर आडवी ठेवायची. पलंगावर बसून. तारा बोटानं नाही दाबायची, वरून एक दांडी फिरवायची. हवाईयन गिटार म्हणतात तिला. तारा उंचच लागतात त्याला." मग तिनं विचारलं, "तुम्ही आईला वाजवताना कधी बघितलंच नाही?"

डोळ्यांसमोर आणायला गेलो तर पलंगावर ठेवलेली गिटार दिसायची आणि शेजारी उभी राहिलेली ती. बसलेली कधीच नाही. एका भिंतीपलीकडे ती इतकी वर्षं वाजवत होती आणि मी फक्त तिचं थांबणं बघितलं होतं.

"ती दांडी सांभाळून ठेवा हं," लेक म्हणत होती. "लोखंडाची, गुळगुळीत, चकचकीत. आई मला धरायला द्यायची. गार लागायची हाताला."

मी फोन ठेवला. दुकानात जायची गरज नव्हती, मला कळलं होतं. तरी गेलो. ट्रेमध्ये पकडीशेजारी ती पडलेली होती. एक टोक हातोडीनं ठोकून ठोकून फुललेलं, अंगावर खाचा, सगळीकडं ग्रीस. 'होती घरात,' म्हणाली होती. बंद पडलेली गिटार मी कधी दुरुस्त करणार नाही हे त्या दिवशी तिनं मनाशी पक्कं केलं असणार. आणि मी तिला शाबासकी दिली होती, चांगली दांडी शोधून आणली म्हणून.

दांडी रॉकेलमध्ये धुतली. कानस मारून फुललेलं टोक गोल केलं, पॉलिश पेपरनं दोन दिवस घासली. बारीक ओरखडे गेले, खोल खाचा राहिल्या. हाडाच्या पट्टीऐवजी पितळी बुशचा तुकडा कापून नवीन पट्टी केली, करंगळी जाईल एवढी उंच. घासलेलं हाड फेकून द्यायचं जिवावर आलं, ते तिच्या कुंकवाच्या डबीत ठेवलं.

मग दुपारी, तिच्या वेळेला, तिच्या जागी पलंगावर बसलो. गिटार मांडीवर आडवी घेतली, तारेवर दांडी ठेवली, छेडली आणि सरकवली.

आला. तोच, न तुटता घसरत जाणारा. मधे मधे खाच तारेवरून गेली की खर्रकन वाजायचं, माझ्या हातोडीचा एकेक घाव त्यात ऐकू यायचा. पण होता तोच. मला गाणं येत नाही, सूर कळत नाही. एकाच तारेवर नुसती वर-खाली दांडी फिरवत राहिलो. पडदा माझ्यासमोर होता, आणि पहिल्यांदाच मी त्याच्या आतल्या बाजूला बसून ऐकत होतो.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी खाकरलं.

काही कळायच्या आत मी गिटार पलंगावर ठेवून उभा राहिलो होतो. सदराही सारखा केला. सूर अजून स्पीकरमध्ये विरत होता, पाय दाराकडे निघाले होते. हे असं व्हायचं तिला. रोज. सूर अर्धा सोडून.

पडद्याबाहेर नेवासा रस्त्यावरचा एक म्हातारा शेतकरी मोटारीची चौकशी करायला आला होता. त्यानं आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "तुमी वाजवत हुता व्हय? लई ग्वाड वाटलं. थांबला का? वाजवा की, मी बसतो हितं."

वाजव की. दोनच शब्द होते. खाकरण्याऐवजी मी एवढं म्हणालो असतो, तर ती बसून राहिली असती.