डी डी माव म्हणजे काय

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर. बर्मिंगहॅमला निघालेल्या आपल्या मुलाला इंग्रजी येतं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मला येत होतं ते पुस्तकातलं, आणि होस्टेलवर तसं कुणीच बोलत नव्हतं. म्हणून मी वही केली. न कळलेला शब्द डावीकडे, विचारून घेतलेला अर्थ मराठीत उजवीकडे. पाठ झाला की बरोबरची खूण. शाळेत मी असाच वर आलो होतो, दुसरी रीत मला माहीत नव्हती.

हे सत्तर सालाच्या आसपासचं. पहिले काही महिने माझ्याशी आपणहून बोलणारा एकच मुलगा होता. माझ्याच वर्गातला, दक्षिण व्हिएतनाममधून स्कॉलरशिपवर आलेला. दुपारी रिफेक्टरीत, म्हणजे कॉलेजच्या खाणावळीत, भिंतीकडच्या टेबलावर आम्ही समोरासमोर बसायचो. आईनं बोटीच्या पार्सलनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी मी उकडलेल्या बटाट्यांवर घ्यायचो. त्याला ती आवडायची. तो खिशातून मिरचीच्या सॉसची बाटली काढून माझ्याकडे सरकवायचा.

"पत्र आलं?"

"नाही. तुला?"

"नाही."

एवढ्या बोलण्यावर जेवण व्हायचं. त्याला मैत्री म्हणतात हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटायचं, खरी मैत्री मधल्या मोठ्या टेबलावर चालते.

त्या टेबलावर एक अमेरिकन बसायचा. व्हिएतनाममध्ये सैनिक म्हणून राहून आलेला, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. स्वभावानं वाईट नव्हता. लढाईबद्दल तो कधी बोलत नसे, पण तिथले शब्द त्याच्या तोंडात असत. 'डिंकी डाव' म्हणजे डोकं फिरलेला. 'टी टी' म्हणजे जरासं. 'डी डी माव' म्हणजे चल, फूट लवकर. इंग्रज पोरांनी ते शब्द नव्या गाण्यांसारखे उचलले. चहात दूध 'टी टी', वॉर्डन 'डिंकी डाव'. ज्यांनी लंडनच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं, तेही एकमेकांना 'डी डी माव' म्हणून बाथरूमबाहेर काढायचे.

मी ते सगळे वहीत उतरवून घेतले. मला ते इंग्रजीच वाटले, पोरांचं इंग्रजी, डिक्शनरीत न सापडणारं. कुठल्या भाषेतले हे मी विचारलं नाही. अमेरिकनानं एकदा सांगितलंही असेल. अर्थ मिळाला की माझं काम संपत असे.

एके दिवशी बसच्या रांगेत एक पोरगा उगीच धक्के देत होता. मी त्याला हळूच म्हटलं, "डी डी माव." रांग हसली. अमेरिकनानं माझ्या पाठीवर थाप मारली. "प्रोफेसरसाहेब तर आपल्यातलेच निघाले!" दुसऱ्या दिवशी मोठ्या टेबलावरच्या बाकावर माझ्यासाठी जागा झाली. पुढचे दोन आठवडे मी तिथेच जेवलो. भिंतीकडे पाहायचं टाळलं.

मग एका दुपारी तो व्हिएतनामी मुलगा ट्रे घेऊन आमच्या मोठ्या टेबलापाशी आला. माझ्या शेजारी थोडी जागा होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि थांबला.

"प्रोफेसर, तुझा पाहुणा आलाय रे," कुणीतरी म्हणालं. "सांग की त्याला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "डी डी माव."

टेबल खदखदून हसलं. एकटा अमेरिकन हसला नाही, ताटाकडे बघत राहिला. तो मुलगा वळला. ट्रे तसाच उष्ट्या ताटांच्या खिडकीत ठेवून निघून गेला.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. त्यानं दार उघडलं, खुर्ची दिली.

"तो शब्द तुला कुणी दिला?" त्यानं विचारलं.

मी वही दाखवली. काय सिद्ध करायचं होतं कोण जाणे. मी अभ्यास म्हणून शिकलो, हेच बहुधा. त्यानं ते पान सावकाश वाचलं.

"मराठीत काय लिहिलंयस?"

मी सांगितलं.

"अर्थ बरोबर आहे. अमेरिकन सैनिक माझ्या आजीच्या दारात उभं राहून हेच ओरडले होते. तिला चालता येत नव्हतं. आम्ही तिला खुर्चीसकट उचललं. मागं गाव पेटलं होतं." त्यानं वही मिटली. "आमच्याकडे आई मुलाला शाळेत पाठवताना हेच म्हणते. लवकर जा. साधे शब्द आहेत. पण मी ते आता घरच्या पत्रातसुद्धा लिहीत नाही."

आमच्या घरी निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत, 'ये' म्हणतात. वडील कामावर निघाले तरी आई दारातून 'या' म्हणते. असल्या घरातला मी, आणि माझ्यापाशी आलेल्या माणसाला चारचौघांत 'जा' म्हणालो होतो. हे मला त्याला सांगायचं होतं. इंग्रजीत ते जमेना. "सॉरी," एवढंच म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "कळलं मला. तू वाईट नाहीस." मग पुस्तक उघडत म्हणाला, "परीक्षा जवळ आली. मी आता लॅबमध्येच जेवत जाईन."

तो खरंच लॅबमध्ये जेवू लागला. जाता-येता काचेतून दिसायचा, पाठमोरा, सँडविच खाताना. मी दोनदा दारापर्यंत गेलो. आत गेलो असतो तर त्यानं स्टूल पुढं केलं असतं, एवढा तो सभ्य होता. त्या सभ्यपणाचीच मला भीती वाटली.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला, असं लॅबच्या टेक्निशियननं सांगितलं. पत्ता त्याच्याकडेही नव्हता.

आठवडाभर मी भिंतीकडे एकटा बसलो. मग पोरांनी हाक मारली आणि मी मोठ्या टेबलावर गेलो. मी तिथं पुन्हा गेलो नाही असं लिहायला मला आवडलं असतं. कुणीतरी उशिरा आलेल्याला 'डी डी माव' म्हणालं, सगळे हसले. मी हसलो नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही काही बोललो नाही.